शिंप्याची तारीख

एप्रिल सरत आला की डच लोकांच्या या गावात झेंडे बाहेर निघतात. एरवी इथली माणसं पडदे सताड उघडे ठेवतील, आत कोण काय जेवतंय ते रस्त्यावरून दिसेल, पण मनातलं बाहेर काही येऊ द्यायची नाहीत. एप्रिलच्या शेवटी मात्र घराघराच्या भिंतीला तिरकी काठी लागते. आधी राजाचा वाढदिवस, म्हणून झेंड्यावर नारिंगी फीत. मग हिटलरच्या लढाईत मेलेल्यांसाठी तोच झेंडा संध्याकाळी अर्ध्यावर, आणि दुसऱ्या दिवशी देश सुटला म्हणून पुन्हा टोकापर्यंत. पुढं जूनमध्ये पोरं शाळेची शेवटची परीक्षा पास झाली की झेंड्याच्या काठीला त्यांचं दप्तर टांगतात. खरंखुरं, फाटकं, शाईचे डाग पडलेलं दप्तर. मला ते फार आवडतं. मी सातवीत शाळा सोडली तेव्हा माझ्या दप्तराची आईनं बटाट्याची पिशवी केली होती.

मी शिंपी. कापड फडकताना दिसलं की माझी नजर आधी शिवणीवर जाते, रंगावर नंतर. इथले सगळे झेंडे कारखान्यातले. शिवण सरळ, कडा बंद, आत एक दोरा जास्त नाही. नाव ठेवायला जागा नाही. यंदा या गल्लीत एक झेंडा असा लागलाय की ज्याच्या आत बोटभर कापड जास्तीचं मुडपलेलं आहे. तो मी शिवलेला. त्याचं सांगतो, पण आधी सुमनचं सांगायला पाहिजे, नाहीतर त्या झेंड्यात हिरवं कुठून आलं ते कळायचं नाही.

सुमन माझी बायको. दोन वर्षांपूर्वी याच हंगामाच्या तोंडाशी गेली.

कराडला मंडईच्या मागं माझं दुकान होतं. पुढं मी मशीनवर, मागं सुमन काजं-बटणं करत, साड्यांना फॉल लावत बसलेली. गिऱ्हाईक कापड टाकायचं आणि पहिलं वाक्य तेच बोलायचं, "कधी देणार?" मी तारीख सांगायचो. ती तारीख खोटी असते हे मला ठाऊक, गिऱ्हाइकाला ठाऊक, मागं बसलेल्या सुमनला तर फारच ठाऊक. लग्नाचा ब्लाउज मी हळदीच्या सकाळी पोचवलाय, नवरीची आई रडकुंडीला आल्यावर. पण पोचवलाय. कुणाचं कापड बुडवलं नाही, कुणाचं बिघडवलं नाही. उशीर आणि नकार यांत फरक आहे, असं मी गिऱ्हाइकाला ऐकवायचो. सुमन मागून म्हणायची, "ऐका, ऐका. शिंप्याची तारीख!"

त्या वर्षी महेशनं, म्हणजे आमच्या मुलानं, तिकिटं पाठवली. तो नायमेखनला कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. नात पाच वर्षांची झालेली आणि आम्ही तिला फोनच्या काचेतच बघितलेलं. दाराला कुलूप लावताना सुमननं विचारलं, "परत कधी?" म्हटलं, "तीन महिन्यांत. आंब्याच्या आत." ती हसली. शेजारणीच्या हातात किल्ली देत म्हणाली, "तुळशीला पाणी घाल गं. आंब्याच्या आत येतोय म्हणे. शिंप्याची तारीख आहे, तू आपली दिवाळीपर्यंतची तयारी ठेव."

तिनं बॅगेत गुढीसाठी नवी हिरवी साडी घेतली होती आणि तिच्यावर मॅचिंग परकर. परदेशात खिडकीतून गुढी लावायची, असा तिचा बेत. महेश म्हणाला होता, "आई, इथं कुणी विचारलं काय आहे म्हणून?" ती म्हणाली, "सांगायचं, आमचा पण असतो एक झेंडा."

साथ आली आणि पाडव्याला ती दवाखान्यात होती. काचेतून बघायचीही सोय नाही. आम्हाला दारातसुद्धा येऊ दिलं नाही. घरातून तिला न्यायला आलेले दोघं डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिकमध्ये. स्ट्रेचरवरून तिनं माझ्याकडं मान वळवली. धाप लागलेली, तरी टोमणा सोडला नाही. म्हणाली, "आंब्याच्या आत बरं का."

एवढंच. यापुढं ती माझ्याशी बोलली नाही.

जाळताना तिला पेटीत घातलं. झाकणाच्या पेटीत. जी बाई उन्हाळ्यात मच्छरदाणीत झोपायला तयार नसायची तिला. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या, आम्ही घरातले आणि भटजी फोनवर पुण्याहून. सगळं झाल्यावर एका बाईनं कॉफी आणि केकचा तुकडा पुढं केला. केक! माझं डोकं फिरलं. सून प्राची हळूच म्हणाली, "बाबा, यांच्यात पद्धत आहे, वाईट हेतूनं नाही देत." मी खाल्ला नाही. महेशनं खाल्ला. मास्क हनुवटीवर ओढून रडत रडत खाल्ला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्या दिवशी मला पोरगा पुन्हा पोरगा दिसला.

अस्थी लगेच देत नाहीत इथं, महिनाभर ठेवून घेतात. असा कायदा आहे. तो महिना म्हणजे एप्रिल. विमानं बंद, दुकानाला माणूस जात नाही, रस्त्यावर दीड मीटर अंतर. दीड मीटर म्हणजे माझ्या हिशेबानं जाड्या माणसाच्या पँटचं कापड. तेवढं कापड मधे धरून सगळं जग चालत होतं. आणि ऊन! असा उजळ, निळा, कोरडा एप्रिल या देशात फारसा पडत नाही म्हणे. मला त्या उन्हाचा राग यायचा. मी मागच्या बागेत खुर्ची टाकून बसायचो आणि झाडाला फुटणाऱ्या पालवीला मनातल्या मनात शिव्या द्यायचो.

तिथं कुंपणापलीकडे तांते दिसल्या.

तांते म्हणजे मावशी-काकू. नाव वेगळं आहे, पण सगळी गल्ली त्यांना तांतेच म्हणते. माझ्या वयाच्या, बुटक्या, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. पहिल्या दिवशी मला वाटलं कोकणातली बाई इथं कशी आली. त्या होत्या अंबोनकडच्या, इंडोनेशियाच्या पूर्वेला मोलुक्का नावाची बेटं आहेत तिथल्या घराण्यातल्या. एकट्या राहायच्या. मला डच येत नाही, इंग्रजी येतं ते 'चेस्ट, शोल्डर, लेंथ' एवढं. प्राची घरूनच ऑफिस करायची, तिला डच चांगलं येतं. ती चहाचा कप घेऊन कुंपणाशी यायची आणि आमचं बोलणं इकडचं तिकडं करायची. काही शब्द मात्र मधल्या माणसाशिवाय पोचले. त्यांच्या भाषेत भाषेला 'बहासा', नावाला 'नामा'. मी माझ्या छातीवर हात ठेवून आभाळाकडं बोट केलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दुका." दुःखाला त्यांच्याकडं दुका म्हणतात. प्राचीला काही करावं लागलं नाही. ती कप घेऊन आत गेली.

त्या दिवशी तांतेंच्या मांडीवर फाटका झेंडा होता. हिवाळ्यातल्या वादळात चिंध्या झालेला. त्या सुईनं टाके घालत होत्या आणि टाका असा होता की मला बघवेना. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, राजाच्या वाढदिवसाच्या आधी, त्यांच्या लोकांचा झेंड्याचा दिवस असतो. द हेगला सगळे जमतात. त्या वर्षी जमायला बंदी. शिवणारी भाची दुसऱ्या गावात, तिला यायची बंदी. त्या म्हणाल्या, "जमता येत नाही तर निदान माझ्या दाराला तो दिसला पाहिजे. माझ्या वडिलांनी एकही वर्ष चुकवलं नाही."

मी विचारलं, "कुठल्या देशाचा हा?"

प्राचीनं उत्तर ऐकलं आणि सांगितलं, "बाबा, त्या म्हणतात, नसलेल्या देशाचा."

मग ते आठवडाभर तुकड्यातुकड्यानं कळत गेलं. इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं. त्यांच्या फौजेत अंबोनकडचे शिपाई पुष्कळ, तांतेंचे वडील त्यातलेच. हिटलरच्या लढाईनंतर डचांना तिथून निघावं लागलं. इंडोनेशिया या नव्या देशाचं राज्य आलं. तेव्हा अंबोनच्या लोकांनी म्हटलं, आम्ही वेगळे, आमचा देश आमचा, आणि झेंडा लावला. त्यांना वाटत होतं साहेब पाठीशी आहे. साहेबानं तसं वाटू दिलं होतं. प्रत्यक्षात साहेब सही करून मोकळा झालेला आणि त्याची फौज बोटीत बसून निघालेली. पाठीवरचा हात गेल्यावर तो देश काही महिनेच टिकला. नव्या राज्याचं सैन्य बेटावर उतरलं. तांतेंचा काका तिथं लढत होता. तो पलीकडच्या बेटावरच्या जंगलात गेला एवढंच कळलं. वडील त्या वेळी दुसऱ्याच बेटावरच्या छावणीत अडकलेले. त्यांना ना धड घरी जाता येई, ना तिथं राहता येई. शेवटी डचांनी असल्या सगळ्या शिपायांना बायकापोरांसकट बोटीत घातलं आणि इकडं आणून बराकीत ठेवलं. सांगितलं, सहा महिने. सहा महिन्यांत परत नेतो.

"आणि?" मी विचारलं.

तांतेंनी दोन्ही हात आजूबाजूला फिरवले. ती बाग, ती कुंडी, ती सायकल, सत्तर वर्षं. "हे आणि."

आता खरं बोलतो. ऐकून पहिल्यांदा मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं नाही. मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडं साहेबाला पळवून लावल्याच्या गोष्टी सांगत आम्हाला वाढवलं. मी सरळ म्हणालो, "प्राची, विचार त्यांना. तुमचे वडील साहेबाचीच चाकरी करत होते ना? मग साहेबानं दगा दिला म्हणून रडायचं कशाला?"

"बाबा, असं कसं विचारू?"

"जसं मी विचारलं तसं."

तिनं विचारलं. तांते रागावल्या नाहीत. माझ्याकडं रोखून बघत म्हणाल्या, "तुमच्याकडचं कुणीच नव्हतं साहेबाच्या फौजेत?"

माझा मामा होता. आफ्रिकेत जाऊन आलेला. बिल्ला घालून लग्नाला यायचा आणि आम्ही पोरं तो बिल्ला हातात मिळावा म्हणून त्याचे पाय चेपायचो.

दुसऱ्या दिवशी महेशनं मला बाजूला घेतलं. "बाबा, त्या झेंड्याच्या भानगडीत पडू नका. तुमचा व्हिसा वाढवायला टाकलाय. इथल्या जुन्या लोकांना तो झेंडा बघवत नाही. पूर्वी यांच्या पोरांनी रेल्वे अडवली होती, माणसं मेली होती."

तेही मी तांतेंना विचारलं. लपवून काय करायचं? त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाल्या, "हो. आमची पोरं होती. बराकीत माझ्या आईबापांची वाट बघणं बघत वाढलेली. निरपराध माणसं मेली. मला लाज वाटते आणि रागही येतो. दोन्ही एकाच पोटात आहेत, काय करू?" मग झेंडा उचलून म्हणाल्या, "पण यानं कुणाला मारलं नाही. हा माझ्या वडिलांच्या दाराला असायचा."

त्या नव्या देशाचीही काही बाजू असणार. मी न्यायाधीश नाही. मला एवढंच दिसत होतं की एका म्हातारीला आठवड्याभरात एक काम करून हवंय, आणि त्या कामाचा माणूस कुंपणाच्या अलीकडं रिकामा बसलाय.

महेशला म्हटलं, "मी शिवण घालतोय. भाषण नाही ठोकत. व्हिसा जातो तर जाऊ दे, मला तसंही घरीच जायचंय."

तांतेंच्या आईचं हातानं फिरवायचं मशीन होतं, बराकीतलं. दोन्ही घरांच्या मधल्या फाटकातून ते आमच्या सायकलींच्या खोलीत आलं. लाल कापड त्यांच्याकडं होतं, पांढऱ्याला उशीचा अभ्रा, निळ्याला जुना टेबलक्लॉथ. त्यांचा झेंडा काठीच्या बाजूला निळा, पांढरा आणि हिरवा असे उभे पट्टे, आणि उरलेला सगळा लाल. हिरवं काही मिळेना. भाचीनं टपालानं पाठवलेलं हिरवं पोपटी निघालं. तांते म्हणाल्या, चालेल. मी म्हटलं, नाही चालणार. मॅचिंगच्या बाबतीत मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही.

सुमनची बॅग तिच्या माघारी कुणी उघडली नव्हती. पलंगाच्या खाली तशीच होती. मी ती ओढली. वरच गुढीची साडी, घडी न मोडलेली, आणि तिच्या पोटात परकर. पॉपलिनचा, गर्द हिरवा, रंग पक्का. नाडीसुद्धा ओवलेली नव्हती. बॅगेतून आमच्या घराचा वास आला, डांबरगोळीचा आणि शिकेकाईचा. मग परकर काढून घेतला आणि साडी परत ठेवली. साडी माणसाची असते. परकराचं तसं नाही, तो कापडच असतो.

कात्री हातात आली की माझा हात माझा राहत नाही. कितीतरी दिवसांनी तो कामाला लागला होता.

झेंडा पुरा झाल्यावर तांतेंनी तो उलटा करून तपासला. चष्मा वर केला, खाली केला. मग आत मुडपलेलं कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "हे काय?"

सवय. ब्लाउज असो, पँट असो, आमच्याकडं शिवणीच्या आत बोटभर कापड सोडतात, माणूस अंगानं भरला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. मी झेंड्यालाही तसंच सोडलेलं, चारी पट्ट्यांत. लक्षातच आलं नाही. प्राचीनं सांगितल्यावर तांते हसायला लागल्या. "झेंडा काय जाड होणार आहे का?"

म्हटलं, "उद्या तुमचा देश मोठा झाला तर? उसवायचं आणि वाढवायचं."

त्यांचं हसू तिथंच थांबलं. तो झेंडा त्यांनी तोंडावर धरला, आणि कितीतरी वेळ मला त्यांच्या तोंडाऐवजी सुमनचा हिरवाच दिसत होता. दीड मीटरचा नियम होता म्हणून मी जागेवरून हललो नाही.

झेंड्याच्या दिवशी सकाळी त्या पांढरा झग्यासारखा सदरा घालून, लुंगी नेसून दारात एकट्या उभ्या राहिल्या. वारा चांगला होता. समोरच्या घरातल्या बाईनं पडदा ओढून घेतला, या गावात मी पहिल्यांदाच कुणाला पडदा ओढताना पाहिलं. एक सायकलवाला थांबला, टोपी काढली, गेला. तांते हलक्या आवाजात त्यांचं गाणं म्हणत होत्या. मी पदपथाच्या या कडेला. हिरवा पट्टा लालाला लागून होता, ऊन त्यातून पलीकडं जात होतं. सुमनची गुढी एक महिना उशिरा उभी राहिली. शिंप्याची तारीख.

मेमध्ये अस्थी मिळाल्या आणि आमच्या घरात भांडण सुरू झालं.

महेश म्हणाला, "बाबा, विमानांचं काही खरं नाही. तुम्ही तिकडं एकटे जाऊन करणार काय? आईला इथल्या नदीत सोडू, रीतसर परवानगी काढतो. तुम्ही इथंच राहा. पाणी शेवटी सगळं एकच."

वाल नदी मोठी आहे. दुथडी भरून वाहते, तिच्यावरनं मालाची लांबलचक जहाजं जातात. तिला मी नावं ठेवत नाही. पण म्हटलं, "पाणी एक असेल. तारीख मी दिलेली आहे."

"बाबा, आई काय तारीख बघत बसलीय का?"

"तुझी आई? तिनं आयुष्यभर दुसरं काय केलं?"

तो चिडून वर गेला. प्राचीनं मला चहा दिला, स्वतःला घेतला नाही. पोरगा वाईट नव्हता. त्याला आई जवळ हवी होती आणि बापही. मला ते दिसत होतं, पण मी वाकलो नाही.

सबंध उन्हाळा तो अस्थींचा डबा बॅगेच्या शेजारी होता. मी तांतेंना कुंपणाशी सांगितलं की मला तुमच्या वडिलांचं आता समजतं. त्यांच्या वडिलांनी लाकडी ट्रंक मरेपर्यंत भरून ठेवली होती, निघायच्या तयारीत. डच नागरिकत्वसुद्धा घेतलं नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा त्यांना फौजेतून कमी केल्याचं सांगितलं. ज्या फौजेसाठी गाव सोडलं तिनं दारातच अंगरखा काढून घेतला. त्यावर ते म्हणाले होते, मग मी कुणाचाच नाही, कागदावर तसंच लिहा. आणि तसेच मेले. मी म्हटलं, "मीही तसाच बसलोय. बॅग भरलेली आणि जाता येत नाही. आपण दोघं सारखेच."

तांते फटकन बोलल्या, प्राचीला भाषांतर करायलाही अवघडल्यासारखं झालं. "आपण सारखे नाही. तुझं विमान बंद आहे, गाव जागेवर आहे. माझी विमानं एरवी रोज उडतात, जायला देश नाही. तू कशाला इथं बसून माझ्या बापाची नक्कल करतोस? त्याला जाता आलं असतं तर तो पोहत गेला असता."

कुणी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. मी त्याच संध्याकाळी महेशला सांगितलं, मिळेल त्या विमानाचं तिकीट काढ. डबा विमानात न्यायला लागणारे कागद त्यानंच फिरून गोळा केले.

निघायच्या दिवशी तांते फाटकाशी आल्या. मी म्हटलं, "पुढच्या एप्रिलला येतो. झेंडा तपासायला."

त्या म्हणाल्या, "जाणारे सगळे येतो म्हणूनच जातात."

"मी फौज नाही, तांते. मी शिंपी आहे. आयुष्यात दिलेली एकही तारीख पाळली नाही, पण कुणाचं काम ठेवूनही घेतलं नाही."

कराडला पोचलो तेव्हा आंबे कधीच संपलेले. पाऊसही उरकत आलेला. संगमावर पाणी लालसर, शांत. दोघं शेजारी तेवढे बरोबर, तेही लांब उभे. मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि डबा रिकामा केला. मंत्र वगैरे मला येत नाहीत. म्हटलं, "घे. उशीर झाला." पाण्यानं ती नेली. घरी आलो तर शेजारणीनं तुळस जगवलेली होती. म्हणाली, "काकी म्हणालेल्या दिवाळीपर्यंत, म्हणून मी निर्धास्त होते."

पुढच्या एप्रिलला मी गेलो नाही. जाऊ दिलं नाही. आपल्याकडं चिता विझत नव्हत्या आणि तिकडच्यांनी आपली विमानंच बंद केली. प्राचीनं फोनवरून दाखवलं, तांतेंच्या दाराला झेंडा होता. त्या कॅमेऱ्यात बोट नाचवून काहीतरी म्हणाल्या. प्राची हसत म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, शिंपी कुठाय?"

यंदा आलो. मास्क गेलेत, माणसं पुन्हा एकमेकांच्या अंगावर खोकतात. शेजारी तांतेंच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, कुंपणाला नवा रंग दिलाय. तांते हिवाळ्यात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, भाचीनं त्यांना वृद्धांच्या घरात ठेवलंय. चांगलं आहे, गरम आहे, खिडकीतून तळं दिसतं. पण भिंतीला बाहेरून काही लावायचं नाही असा तिथला नियम.

मी गेलो तेव्हा त्या खुर्चीत होत्या. अर्ध्या झालेल्या. मला बघून त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटलं. म्हणाल्या, "ते लात." उशीर झाला. एवढं डच मलाही कळलं.

मीही मान हलवली. मग त्यांनी उशीखालून पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आत तो होता. लाल जरा विटलेला. त्याचं टोक वाऱ्यानं झिजलेलं. हिरवा तसाच. मी रंग पक्का म्हटलं होतं.

काल झिजलेलं टोक कापून टाकलं. कापल्यावर पट्टा आखूड पडला असता, पण आतलं बोटभर कापड होतं. उसवून पुरं केलं. देश मोठा झाला नाही, तरी जेवढा होता तेवढा राहिला.

आज सकाळी महेशनं शिडी धरली. त्याला मी सांगितलं नव्हतं. ऑफिसला निघालेला, सायकल परत लावली आणि येऊन शिडी धरली. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" म्हणाला, "तुम्ही चढा, बाबा. डाव्या हाताला धरायला आहे." आमच्या भिंतीला काठी लागली. नऊनंतर भाची तांतेंना गाडीतून या रस्त्यानं नेणार आहे, मुद्दाम, हळू.

शिडीवरून उतरतोय तर शेजारचा नवा तरुण दाराशी उभा. चेहरा मोकळा, वीस-पंचविशीचा. त्याला हे काहीच ठाऊक नसावं. महेशला त्यानं विचारलं, हा झेंडा कुठल्या देशाचा? महेश माझ्याकडं बघायला लागला.

या दोन वर्षांत मी इथला एक शब्द पक्का शिकलोय. शेजारणीला इथं 'बुरव्राउ' म्हणतात. मी महेशला म्हटलं, "मी सांगतो." आणि त्या पोराला त्याच्या घराकडं, जिथं कुंपणाला नवा रंग दिलाय तिकडं बोट करून सांगितलं, "बुरव्राउचा."